राक्षस आधी ऐकू येतो

वालीवला आमच्या खोलीच्या मागेच गाळे आहेत. रात्रपाळी असली की पॉवर प्रेसचा ठोका भिंतीतून येत राहतो. म्हणून ‘सायलेंट हिल’ खेळताना मी हेडफोन लावतो. गेम १९९९ चा, ग्राफिक्स जुनाट. तरी हात घामेजतात. नायकाच्या खिशात एक रेडिओ असतो. राक्षस जवळ आला की तो खरखरतो. धुक्यात दिसत काहीच नाही, पण काहीतरी आलंय हे कळतं.

ही युक्ती गेमवाल्यांच्या आधीची. १९३३ च्या ‘किंग काँग’साठी मरे स्पिव्हॅक यांनी वाघ-सिंहांच्या डरकाळ्या रेकॉर्ड करून हळू केल्या, उलट्या चालवल्या. आवाज जिवंत वाटतो, पण प्राणी ओळखता येत नाही. १९५४ च्या ‘गॉडझिला’साठी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी तर प्राणीच वगळला. डबल बेसची तार सैल केली, राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने घासली आणि ती टेप हळू चालवली. आवाज जितका खालचा, तितकं अंग मोठं, असं आपला कान धरून चालतो. २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’मधले क्लिकर आंधळे, टकटक करत ते माणूस हुडकतात. तो आवाज कलाकारांनी स्वतःच्या घशातून काढलाय. तिथे जगायचं तर आपण गप्प राहायचं आणि कान उघडे ठेवायचे.

हे सगळं मी एकदा बाबांना सांगत होतो. ते जव्हारकडचे. म्हणाले, “मग आमचा बोहाडा काय वेगळा?” बोहाड्यात रात्री टेंभ्यांच्या उजेडात मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात, साथीला संबळ आणि पिपाणी. “सोंग दिसायच्या आधी संबळ बदलायचं. तेवढ्यावरच आम्ही पोरं आईच्या मागे लपायचो.”

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. गॉडझिलाला त्यांनी मान डोलावली. क्लिकरची वेळ आली तेव्हा ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

“लावलंस का?”

लावलं होतं. बारीक टकटक त्यांना ऐकूच आली नाही.

बाबांनी बावीस वर्षं एका गाळ्यात प्रेस चालवला. कानात घालायला कधी काही मिळालं नाही. सततच्या गोंगाटात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. माणसाला ते कळतही नाही, कारण ठोके तर ऐकू येतच असतात. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मी विचारलं, “मग तुम्हाला कशाची भीती वाटायची?”

“आवाजाची नाही रे. पाळी चालू असताना प्रेस मध्येच थांबला की पोटात गोळा यायचा. म्हणजे कुणाचं तरी बोट गेलं.”

त्या दिवसापासून मी हेडफोनचा आवाज कमी ठेवतो. थोडं माझ्या कानांसाठी, थोडं मागच्या भिंतीसाठी. ठोका मध्येच थांबला तर मी गेम पॉज करतो आणि तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघतो.