गोळीआधी तपासणी

कल्याणच्या आमच्या खालाजाननी गुडघा बदलला. जखम पाझरू लागली तेव्हा त्यांनी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणले. पण इतिहास सांगतो, एवढ्याने भागत नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२मध्ये आधुनिक कृत्रिम खुबा बसवला. काही रुग्णांना जंतुसंसर्ग होताच त्यांनी ऑपरेशनच्या खोलीतली हवाच शुद्ध केली. १९७०च्या सुमारास हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी हाडाच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. कारण जंतू कृत्रिम सांध्यावर चिकट थर धरतात. रक्तातून येणारे औषध तिथे अपुरे पडते. मग सांधा उघडून धुवावा, कधी काढून पुन्हा बसवावा लागतो. आधीच घेतलेल्या गोळीने तपासणीत जंतू सापडेनासे होतात. खालाजानचा सांधा धुऊन वाचला. आज त्या खुर्चीवर बसून नमाज पढतात. जखम पाझरली, तर आधी सर्जन गाठा.