वेळापूरचा शिलालेख आणि बायझंटाइन ग्रीक : दरबाराची भाषा एक, लोकांची दुसरी

माळशिरस तालुक्यातलं वेळापूर वारकऱ्यांना माउलींच्या पालखीचा मुक्काम म्हणून माहीत असतं. इथल्या अर्धनारी नटेश्वर मंदिराच्या परिसरात यादवकाळातले शिलालेख आहेत. त्यातला एक शके १२२२ चा, म्हणजे इ.स. १३०० चा. राजा रामचंद्रदेव यादव, भाषा मराठी.

यात विशेष काय? तर याच राजाचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावावरून आपण अशा देवळांना 'हेमाडपंती' म्हणतो, त्याने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ लिहिला तो संस्कृतात. विद्वत्तेची भाषा तीच होती. पण देवळाच्या दानाची किंवा बांधकामाची नोंद गावाने पाळायची, तर ती गावाला कळायला हवी. वाचता येणारे थोडेच असले, तरी कुणी वाचून दाखवलं की बाकीच्यांना समजणार. महानुभावांचे नागदेवाचार्य तर संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना अडवायचे, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं.

हाच पेच त्या काळी कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्येही होता. ही बायझंटाइन साम्राज्याची राजधानी. ('बायझंटाइन' हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी रूढ केलं. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवून घेत.) सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जुने कायदे लॅटिनमध्ये एकत्र केले, पण नवे कायदे बहुतेक ग्रीकमध्ये काढले, कारण प्रजेला लॅटिन कळत नव्हतं.

पुढे मात्र ग्रीकचंच संस्कृत झालं. बाराव्या शतकात राजकन्या आना कोम्निनी हिने वडिलांच्या कारकिर्दीचा इतिहास, 'अलेक्सियाड', लिहिला तो जवळपास दीड हजार वर्षं जुन्या अथेन्सच्या वळणाने. बाजारात तसं कुणी बोलत नव्हतं. शिकलेला माणूस ओळखायचा तो याच भाषेवरून, आणि सरकारी नोकरीची वाटही तिथूनच जायची. त्याच शतकातल्या, बोलीत लिहिलेल्या काही कविता याची मस्त टिंगल करतात : एवढं शिकलो तरी घरात खायला नाही, आणि शेजारचा चांभार मजेत जेवतोय!

चौदाव्या शतकात आनाच्या ग्रंथाचा काही भाग कुणीतरी सोप्या ग्रीकमध्ये उतरवला. ग्रीकचं ग्रीकमध्येच भाषांतर! वेळापूरचा लेख कोरला गेला तोही साधारण याच सुमाराचा.

दोन्ही राज्यं तेव्हा उतरणीला लागली होती. कॉन्स्टँटिनोपल १२०४ मध्ये क्रुसेडर्सनी लुटलं होतं, देवगिरीवर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला होता. पण राज्यं गेल्यावरही भाषेचा प्रश्न काही मिटला नाही. ग्रीसमध्ये जुन्या वळणाची ग्रीक बाजूला सारून बोलीवर आधारलेली भाषा सरकारी झाली ती थेट १९७६ साली.