वाट करणे आणि वाट लावणे

गुहा शोधणाऱ्यांच्या लेखनाचे भाषांतर करताना एका जागी हमखास अडायला होते. अरुंद फट फोडून माणूस आत शिरेल एवढी करायची, या कामाला ते लोक नुसते ‘खोदणे’ म्हणतात. मराठीत ‘वाट केली’ लिहावे, तर सगळे सोज्वळ वाटते. ‘खिंडार पाडले’ लिहिले की लिहिणारा आरोपी ठरतो. आणि ‘वाट लावली’ तर आपल्या तोंडी तयारच असते. शब्द निवडायचा तर नेमके घडले काय, ते आधी पाहावे लागते.

नोव्हेंबर १९७४. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, व्हेटस्टोन डोंगरांच्या पायथ्याशी, रँडी टफ्ट्स आणि गॅरी टेनन हे दोन तरुण जमीन खचून झालेल्या एका खड्ड्यात उतरले. तळाच्या फटीतून उबदार, ओलसर वारा येत होता आणि त्याला वटवाघळांचा वास होता. कोरड्या मुलखात जमिनीतून ओला वारा येतो, तेव्हा आत मोठी पोकळी असणार हे जाणत्याला सांगावे लागत नाही. सरपटत गेल्यावर वाट एका भोकापाशी संपली. भोक जेमतेम पपनसाएवढे. दोघांनी छिन्नी-हातोड्याने अंग कसेबसे सरकेल इतके ते मोठे केले. पलीकडे जवळजवळ चार किलोमीटरांची गुहा निघाली. आज तिला कार्टनर कॅव्हर्न्स म्हणतात.

जमीन कार्टनर कुटुंबाची होती. त्यांना ही गोष्ट कळली १९७८ मध्ये.

गुहेचे तोंड म्हणजे नुसता दरवाजा नसतो. कार्टनरमध्ये हवेतली आर्द्रता ९९ टक्क्यांच्या आसपास असते. छतावरून थेंब पडतात म्हणून लवणस्तंभ वाढतात. तोंड रुंदावले आणि बाहेरची कोरडी हवा आत खेळू लागली, तर ही वाढ मंदावते, थांबतेही. नुकसान डोळ्यांदेखत होत नाही, त्यामुळे फोडणाऱ्याला ते दिसतही नाही.

हे त्या दोघांना उमगलेले दिसते. आत ते ठरलेल्या एकाच पायवाटेने चालत, म्हणजे चिखल तुडवला जाणार तो तेवढाच. गुहेला त्यांनी ‘झनाडू’ हे सांकेतिक नाव ठेवले आणि चौदा वर्षे गुपित पाळले. नाव कोलरिजच्या कवितेतले. कोणी तरी कामासाठी येऊन थडकला म्हणून ती अपुरी राहिली, असे कवीनेच सांगून ठेवले आहे. आगंतुकांची धास्ती घेतलेल्या दोघांना याहून चपखल नाव कुठले मिळणार!

त्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की, त्यांनी फोडले नसते तर दुसऱ्या कोणी फोडले असते, आणि त्याने गुहेची नासधूस केली असती. मला हे पुरेसे वाटत नाही. हातोडा उचलताना पलीकडे काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. जे नंतर सापडले त्याच्या जोरावर आधीचा घाव माफ कसा होईल? शिवाय अशी बरीचशी खोदकामे चिखलाशी नाही तर कातळाशी संपतात. त्यांच्या गोष्टी कोणी लिहीत नाही, पण फोडलेला दगड फोडलेलाच राहतो.

न्यू मेक्सिकोतल्या लेचुगियाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथेही वाऱ्याचाच माग होता, पण खोदणाऱ्यांनी राष्ट्रीय उद्यानाची परवानगी घेतली आणि मुख्यतः कोसळलेला ढिगारा उपसला. १९८६ मध्ये वाट मोकळी झाली. आजवर मोजलेली लांबी २४० किलोमीटरांहून अधिक भरते. तोंडाशी हवाबंद दार आहे आणि पर्यटकांना प्रवेश नाही. ढिगारा उपसणे आणि मूळ खडक फोडणे यांत मला फरक वाटतो, पण वाऱ्याला तो कळत नाही. दार बसवावेच लागले.

कार्टनरचे पुढे काय झाले, ते मात्र विचार करायला लावणारे आहे. राज्याने १९८८ मध्ये ती गुहा उद्यानासाठी घ्यायचे ठरवले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये ती लोकांसाठी उघडली. त्यासाठी सुरुंग लावून बोगदे काढले, त्यांत एकापाठोपाठ एक बंद होणारी दारे बसवली. वटवाघळांच्या विणीच्या काळात तिथले मोठे दालन बंद ठेवतात. दोन पोरांनी छिन्नीने उडवलेल्या कपच्यांपुढे ही तोडफोड कितीतरी मोठी. पण ती परवानगीने, हिशेबाने आणि उघडपणे झालेली. जाब नेमका कोणाला विचारायचा?

टफ्ट्स २००२ मध्ये गेले. माझ्या खर्ड्यात तूर्त ‘भोक मोठे केले’ एवढेच लिहिलेले आहे.