माळवदाचें घर

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पठारी भागांत वर्षाकाठीं सुमारें 20-22 इंच पाऊस पडतो. पश्चिमेस अकोले तालुक्यांतील घाटघरला तो 100 इंचांच्या पुष्कळ पुढें जातो. एकाच जिल्ह्यांत घरांचीं दोन रूपें कां झालीं, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

घाटघरकडे उतरतें छप्परच हवें. तेथें माळवद पहिल्याच आषाढांत खालीं यावयाचें. पठारावर मात्र तुळयांवर किलचा, त्यांवर पाला आणि वर जाड पांढरी माती, असें माळवद पिढ्यान्‌पिढ्या चाललें. उन्हाळ्यांत आंत गारवा, वर कुरडया वाळवावयास जागा, रात्रीं निजावयास मोकळी हवा. उजेडासाठीं व धुरासाठीं सानें ठेवीत. मुर्तझा निजामशहाच्या अमदानींत 1583 सालीं पुरा झालेल्या फराहबाग महालाभोंवतीं तलाव होता. कुणब्यानें आपला गारवा मातींतच मिळविला.

माळवदाचें कौतुक करणारे त्याचे कष्ट विसरतात. दरवर्षीं मृगापूर्वीं नवी माती चढवावी लागे. झड लागली कीं घर गळे. कुजलेली तुळई त्या ओझ्याखालीं मोडली तर निजलेलें माणूस दगावे. गोठाही पुष्कळदां त्याच छपराखालीं! जनावर चोरांपासून सुरक्षित राही. माणसाच्या नाकाचें विचारूं नये.

पुढें लोखंडी पत्रा आला. मातीचें ओझें वाहणाऱ्यांनीं तो आनंदानें स्वीकारला. पण वैशाखाच्या दुपारीं त्याच घरांतील म्हातारीं माणसें अंगणांतल्या लिंबाखालीं खाट टाकूं लागलीं.