उन्हाळ्यातली आगबोट: सेंट किल्डाची गोष्ट

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. त्या माळेच्याही पलीकडे, खुल्या अटलांटिकमध्ये साधारण ६४ किलोमीटर आत, सेंट किल्डा हा छोटासा द्वीपसमूह आहे. आज उन्हाळ्यात हॅरिस बेटावरून वेगवान मोटरबोटी निघतात. त्या तीनेक तासांत हिर्टा या मुख्य बेटाशी पोचतात, पर्यटकांना ओसाड गाव आणि कड्यांवरचे लाखो पक्षी दाखवतात आणि संध्याकाळी परत आणतात. हवा बिघडली तर फेरी रद्द. हे ‘रद्द’ आपण ध्यानात ठेवू.

हिर्टावर १९३० पर्यंत माणसं राहत होती. १६९७ साली मार्टिन मार्टिन तिथे गेला तेव्हा वस्ती १८०च्या आसपास होती. पुढे १७२७ मध्ये देवीची साथ आली आणि वस्ती जवळजवळ बसलीच. नंतर बाहेरून कुटुंबं आणून वसवावी लागली. पुरुष दोरांना लोंबकळून कड्यांवरून फुलमार, गॅनेट, पफिन हे पक्षी पकडत. मांस खायचं, तेल दिव्याला, पिसं जमीनदाराच्या खंडात. रोज सकाळी गावातले पुरुष रस्त्यावर जमून दिवसाचं काम ठरवीत. पाहुण्यांनी या बैठकीला कौतुकानं ‘पार्लमेंट’ म्हटलं.

हे पाहुणे आले आगबोटीनं. १८३४ मध्ये ‘ग्लेन अल्बिन’ ही बोट हौशी प्रवाशांना घेऊन इथे आली, आणि १८७७ पासून ‘दुनारा कॅसल’च्या उन्हाळी फेऱ्या सुरू झाल्या. बोट खाडीत नांगर टाकी आणि माणसं होड्यांतून किनाऱ्यावर उतरत. बेटावरचे लोक हातमागाचं कापड, मोजे, पक्ष्यांची अंडी विकायला उभे राहत. फोटो काढू द्यायचेही पैसे घेत. शहरी लेखकांना याचा फार राग. ‘निष्पाप’ माणसं बिघडली म्हणे! आम्हांला मात्र यात बिघडण्यासारखं काही दिसत नाही. तुमच्या दारात कोणी फुकट तमाशा बघायला आलं, तर तुम्हीही तिकीट लावालच की.

बोट आली की गावभर सर्दी-खोकला पसरतो, असंही बेटकरी सांगत. डॉ. जॉन्सननी या समजुतीची थट्टा केली होती. जंतूंची माहिती झालेल्या आपल्याला ती तितकी हास्यास्पद वाटणार नाही.

बरेच लेखक इथेच थांबतात: पर्यटक आले, जुनं जीवन मोडलं. आम्हांला हे सोपं उत्तर पटत नाही. आगबोटी नियमित येऊ लागण्याआधीच, १८५२ मध्ये, ३६ जण बेट सोडून ऑस्ट्रेलियाला निघाले होते, आणि त्यांतले बरेच वाटेतच गेले. बेटावर नवजात बाळं धनुर्वातानं दगावत. पाहुण्यांच्या आधीचं जीवन काही स्वर्ग नव्हतं.

खरी अडचण वेळापत्रकात होती. बोट प्रवाशांच्या सोयीनं चाले. उन्हाळ्यात पीठ, साखर, टपाल, रोख पैसा. शरद संपला की काही नाही. १८७७च्या हिवाळ्यात एका फुटलेल्या ऑस्ट्रियन जहाजाचे खलाशी हिर्टावर अडकले आणि गावाचं धान्य संपत आलं. तेव्हा तिथे असलेल्या जॉन सँड्स या पत्रकारानं जहाजाच्या तरंगत्या कड्याला चिठ्ठी बांधून ती समुद्रात सोडली. ती ऑर्कनीला लागली आणि मदत आली. मग बेटकऱ्यांनी तीच युक्ती उचलली. लाकडाचा तुकडा होडीसारखा कोरायचा, पोटात पत्र ठेवायचं, वर मेंढीचा फुगवलेला मूत्राशय बांधायचा आणि वारा बघून सोडून द्यायचं. उन्हाळ्यात विलायती मेम कॅमेरा घेऊन दारात, आणि हिवाळ्यात मेंढीच्या मूत्राशयाच्या भरवशावर टपाल!

पहिल्या महायुद्धात नौदलानं इथे बिनतारी केंद्र ठेवलं. जहाजांची ये-जा वाढली, हिवाळ्यातही बाहेरची बातमी कळू लागली. युद्ध संपलं, केंद्र गेलं, आणि आधी सवयीची असलेली तुटकता असह्य झाली. तरुण निघून जाऊ लागले. १९२० मध्ये ७३ माणसं होती, १९२८ मध्ये ३७. मधल्या १९२६ साली इन्फ्लुएंझानं चार पुरुष गेले. कड्यावर दोर धरायला माणसं नाहीत, होडी वल्हवायला नाहीत. जानेवारी १९३० मध्ये मेरी गिलिस ही तरुण बाई आजारी पडली आणि मुख्य भूमीवरच्या इस्पितळात वारली. मे महिन्यात बेटकऱ्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला: आम्हांला इथून न्या.

ऑगस्टमध्ये मेंढ्या-गुरं न्यायला आली ती ‘दुनारा कॅसल’च. २९ ऑगस्टला ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजानं उरलेली ३६ माणसं नेली. घराघरांत उघडं बायबल आणि ओटचा छोटा ढीग ठेवून दारं लावली होती. कुत्री त्यांनी आधीच समुद्रात बुडवली होती.

त्यांतली काही घरं आता डागडुजी करून उभी आहेत. एकात छोटं संग्रहालय आहे. मोटरबोट खाडीत नांगर टाकते, पर्यटक लहान होडीतून उतरतात, दुपारपर्यंत गल्लीतून फिरतात आणि अंधारायच्या आत परत बोटीवर चढतात.