काट्याची नोंद

पायात काटा गेला तर आपण त्याचे वर्णन किती नेमके करतो ते पाहा. काटा नुसता टोचला की रुतला? रुतून आत मोडला का? आत राहून सलतो आहे, की जागा पिकली? की बरेच दिवस दुर्लक्ष झाल्याने तिथे कुरूप झाले? अकोला-अमरावतीकडे निंदणाला किंवा पऱ्हाटी उपटायला जाणाऱ्या माणसाला हे भेद शिकवावे लागत नाहीत. बाभूळ, बोर, हिवर आणि तुरीची धसकटे ते काम करतात.

वैद्यकशास्त्रातही असे भेद असतात. फरक एवढाच, की तिथे शब्दांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरतात. 'त्वचेत वरवर रुतलेली बाह्य वस्तू' ही एक अधिकृत नोंद आहे. एवढ्याशा काट्याला क्रमांक कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल, आणि सुरुवात वऱ्हाडापासूनच करता येईल.

निजामाकडून १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६६ मध्ये तिथे जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. देशातल्या अशा पद्धतींपैकी ही अगदी सुरुवातीची. पंजाब आणि संयुक्त प्रांतात ती नंतर आली, तर बंगालचा नोंदणी कायदा १८७३ चा. हेतू आरोग्याचा होता. कोणत्या भागात किती माणसे साथीने मरतात हे कळल्याशिवाय बंदोबस्त कुठे करायचा हे ठरत नव्हते.

गावात मृत्यू झाला की खबर कोतवालाकडे जाई. तारीख, नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण वहीत लिहिले जाई. विदर्भात या वह्या आजही 'कोतवाल बुक' या नावाने ओळखल्या जातात. पुढे काय झाले पाहा : आरोग्यासाठी सुरू झालेल्या या वह्यांच्या नकला आता लोक काढतात त्या जातीचा पुरावा म्हणून! मृत्यूच्या कारणाच्या रकान्याकडे सहसा कोणी बघत नाही.

आपण मात्र तोच रकाना बघू या. त्यात जाणारी कारणे ठरावीक असत : पटकी, देवी, ताप, हगवण-आव, इजा आणि इतर. कोतवाल काही वैद्य नव्हता. पटकी आणि देवी त्याला ओळखता येत, कारण त्यांची लक्षणे उघड असतात. पण 'ताप' या एका शब्दात हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतिणीचा ताप असे सगळे जमा होई. त्या काळच्या प्रांतोप्रांतीच्या अहवालांत तापाचा आकडा सर्वांत मोठा दिसतो तो काही अंशी याचमुळे. रकाना जितका मोठा, तितकी त्यातून मिळणारी माहिती कमी.

आता समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या पायात काटा मोडला, आठवड्याभराने त्याची दातखीळ बसली आणि तो दगावला. आज आपण याला धनुर्वात म्हणू. मातीतले जंतू काट्याबरोबर आत जातात आणि त्यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने हे जंतू वेगळे काढले ते १८८९ मध्ये. म्हणजे वऱ्हाडात नोंदी सुरू झाल्या तेव्हा हे कारण कोणालाच माहीत नव्हते. पण 'काटा लागला, मग दातखीळ बसली' एवढा क्रम तर दिसत होता. तो लिहायला वहीत जागा नव्हती. हा मृत्यू 'इजा' मध्ये टाकायचा की 'इतर' मध्ये, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहिले असते.

हाच घोळ युरोपातही होता. इंग्लंडमध्ये विल्यम फार हा वैद्य मृत्यूंच्या नोंदींचे संकलन करीत असे. एकाच रोगाला चार नावे आणि एकाच नावाखाली चार रोग, यामुळे तो हैराण झाला होता. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पीन यांच्यावर सोपवले. दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या! फारने साथीचे रोग, शरीरभर पसरणारे रोग, अवयवांचे रोग, वाढीशी निगडित रोग आणि इजा असे गट केले होते. देस्पीनने रोगांच्या स्वरूपावरून गट पाडले होते. १८५५ मध्ये तडजोड होऊन १३९ नोंदींची यादी मान्य झाली.

पुढे पॅरिसच्या झाक बेर्तीयाँ याने, मुख्यतः फारच्याच तत्त्वावर, नवी यादी रचली. ती १८९३ मध्ये शिकागोला स्वीकारली गेली. १९०० साली २६ देशांनी पॅरिसमध्ये जमून तिची पहिली सुधारणा केली, तेव्हा तिच्यात १७९ गट होते.

या याद्या मुख्यतः मृत्यूच्या कारणांच्या होत्या, हे लक्षात घ्या. काट्याने सहसा कोणी मरत नाही, त्यामुळे अशा यादीत त्याला जागा मिळण्याचे कारणच नव्हते. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी सुधारणा हाती घेतली आणि मरणाबरोबर आजारपण आणि इजाही यादीत आल्या. शिवाय इजेसाठी दोन वेगळ्या नोंदी ठरल्या : इजा काय झाली आणि ती कशामुळे झाली.

हा बदल महत्त्वाचा आहे. १९९० साली मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत पायातला काटा 'एस ९०.८' मध्ये जातो. त्याचा अर्थ 'घोटा व पाऊल यांच्या इतर वरवरच्या इजा'. म्हणजे पुन्हा 'इतर'च! पण दुसऱ्या नोंदीत 'डब्ल्यू ६०' हा खास क्रमांक आहे : वनस्पतींचे काटे व धारदार पाने यांचा संपर्क. त्यापुढे ७ हा अंक जोडला की जागा कळते, शेत. पहिली नोंद डॉक्टरला उपयोगी, दुसरी प्रतिबंध करणाऱ्याला. शेतात किती पाय जखमी होतात हे कळले तर जोडे आणि धनुर्वाताची लस यांचा विचार करता येतो.

अमेरिकेत या यादीची अधिक बारीक आवृत्ती वापरतात. तिथल्या जुन्या यादीत पावलात वरवर रुतलेली वस्तू न पिकलेली असेल तर ९१७.६ आणि पिकलेली असेल तर ९१७.७ असे क्रमांक होते. आपल्या 'रुतला' आणि 'पिकला' यांतला हाच भेद. २०१५ पासून तिथे 'एस ९०.८५१ ए' असे लिहितात : उजवे पाऊल, उपचाराचा पहिला टप्पा. इतका बारकावा मुख्यतः विम्याच्या हिशेबासाठी लागतो. प्रत्येक देशाला तो हवाच असे नाही.

मग क्षुल्लक इजेकडे लक्ष द्यायचे कशाला? मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास पायाच्या एका भयंकर विकाराचा अभ्यास केला. पाऊल सुजते, त्याला छिद्रे पडतात, त्यांतून कण बाहेर येतात. 'मदुरा पाय' म्हणून ओळखला जाणारा हा रोग बुरशीमुळे होतो असे त्यांनी दाखवले. ही बुरशी आत शिरते ती बहुधा काट्याच्या लहानशा जखमेतून, आणि पाऊल कापायची वेळ येते ती कित्येक वर्षांनी. तोवर काटा विसरला गेलेला असतो. हा रोग गरीब, अनवाणी शेतकऱ्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये.

यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात अनेक क्रमांक जोडून एकच घटना सांगता येते. पण क्रमांक देण्याआधी कोणी तरी कारण लिहावे लागते. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते. बाकीच्यांच्या बाबतीत आपण कोतवालाच्या वहीपासून फार पुढे आलेलो नाही. आणि डॉक्टरनेही नुसते 'हृदय बंद पडले' असे लिहिले तर काटा आणि धनुर्वात दोन्ही हरवतात.

वर्गात हे करून पाहता येईल. महिनाभर मुलांना झालेल्या लहानसहान इजा त्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवा. महिन्याच्या शेवटी मुलांचे तीन गट करा. प्रत्येक गटाने त्या इजांचे फक्त सहा रकाने पाडायचे आणि सातवा 'इतर'चा. तिन्ही गटांचे रकाने बहुधा वेगळे निघतील. का, यावर त्यांना भांडू द्या. फार आणि देस्पीनही भांडले होते. मग 'इतर' मधल्या नोंदी मोजा. त्या फार असतील तर रकाने पुन्हा पाडा. मात्र मूळ वही जपून ठेवा. रकाने बदलता येतात, पण जे लिहिलेच नाही ते नंतर कुठल्याही रकान्यात घालता येत नाही.