रसायनाच्या वर्गांतील एक जुना वाद



रसायनशास्त्र मुलांना सांगावें, कीं त्यांच्याकडून शोधवून घ्यावें, हा वाद नवा नाहीं. इंग्लंडांत तो शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या हिरीरीनें लढला गेला. त्यांतून निघणारा बोध आपल्याहि मुलांच्या हिताचा आहे, म्हणून ती हकीकत आज सांगतों.

हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) हे लंडनचे नामांकित रसायनज्ञ. त्या काळीं शाळांतील रसायन म्हणजे बहुतांशी पाठांतर. प्रयोगशाळा असलीच, तर मुलगा परीक्षानळींत एखादा क्षार घेई व कोष्टकाबरहुकूम त्यांतील धातु ओळखी. हातांना काम होतें, बुद्धीला नव्हतें. १८८९ सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या अहवालांतून आर्मस्ट्राँग यांनीं निराळी योजना मांडली. ती ‘ह्युरिस्टिक’ पद्धति म्हणून गाजली. ‘मी शोधून काढतों’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून हा शब्द आला. आर्किमिडीजच्या ‘यूरेका’चा उगमहि तोच.

चुनखडीचें उदाहरण घ्या. फळ्यावर ‘कॅल्शियम कार्बोनेट’ लिहून धडा आरंभावयाचा नाहीं. मुलानें शुद्ध चुनखडी तोलावी, वजन घटण्याचें थांबेपर्यंत प्रखर आंचेवर भाजावी आणि पुन्हां तोलावी. १०० भारांचे सुमारें ५६ उरतात. ४४ भार गेले कोठें? मग तितकीच चुनखडी आम्लांत विरघळवून, निघून गेलेल्या वायूचें वजन काढावें. तेंहि सुमारें ४४च भरतें! आगीनें घालवला तोच वायु आम्लानेंहि घालवला असावा, असा तर्क मूल स्वतःच करतें. ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा; तो पुढच्या प्रयोगाकडे नेतो. वायु चुन्याच्या निवळींत सोडला कीं ती दुधाळ होते, आणि तळाशीं बसणारा पांढरा सांका पुन्हां चुनखडीचाच!

लंडनमधील ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही जुनी शाळा १९०२ सालीं हॉर्शमला गेली. तिच्या कारभारी मंडळांत आर्मस्ट्राँग होते. तेथें या पद्धतीला हक्काचें घर मिळालें. अन्यत्र मात्र अडचणी उभ्या राहिल्या. एका चुनखडीला कित्येक तास लागत; परीक्षेचा अभ्यासक्रम कांहीं थांबत नसे. शिवाय कांहीं शिक्षक उत्तर आधींच ठरवून मुलांकडून शोधाचें नाटक करवीत. १९१८ सालीं सर जे. जे. थॉमसन यांच्या समितीनें या अतिरेकावर टीका केली, आणि पद्धतीचा दबदबा ओसरला.

मूळ विचार मात्र मेला नाहीं. १९६० नंतर नफील्ड योजनेनें इंग्लंडांतील रसायनशिक्षणांत प्रयोगाला पुन्हां मानाचें स्थान दिलें. आपल्या देशांत होशंगाबाद जिल्ह्यांतील ग्रामीण शाळांत १९७२ सालीं सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम स्वस्त साहित्यावर तीस वर्षें चालला. २००२ सालीं तो सरकारनें बंद केला.

पन्नास-साठ मुलांचा वर्ग ज्यानें चाळीस मिनिटांत सांभाळला आहे, त्याला आर्मस्ट्राँगांच्या अडचणी समजावून सांगाव्या लागत नाहींत. प्रत्येक गोष्ट मुलानें स्वतः शोधावी, हा हट्ट चालणार नाहीं. पण वर्षांतून चार-दोन विषय तरी चुनखडीप्रमाणें मुळापासून तडीस न्यावेत, आणि बाकीचे सरळ सांगावेत. ज्यानें एकदां स्वतःच्या तराजूनें सत्य पारखलें, तो ऐकलेल्या गोष्टीलाहि पुरावा मागतो. पालकांनीं हें ओळखून, मुलाला गुणांबरोबरच ‘आज काय तोललेंस, काय पाहिलेंस?’ असेंहि विचारावें.